मावशीची लाल बाटली

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुलूप लावलं की ओढून बघते, दोन पायऱ्या उतरते, परत वर येऊन ओढून बघते. शेगडी बंद केली की नाही या विचारात माझा अर्धा दिवस जातो. घरी यायला कुणाला जरा उशीर झाला की डोळ्यांपुढे नको नको ते उभं राहतं. मावशी मला लहानपणापासून ससुली म्हणते. आता चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी मी ससुलीच. लाँड्रीतल्या बायकांनी ते नाव उचललं आणि हल्ली मुकादमही हजेरी घेताना तेच पुकारतो. अशा बाईच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात लोकांची चूक आहे असंही नाही. पण मावशीचं जे झालं त्याची कुणकुण मला सगळ्यांच्या आधी लागली, कारण चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

आमची लाँड्री म्हणजे गल्लीतलं इस्त्रीचं दुकान नव्हे. लांबलचक पत्र्याची शेड आहे. एका टोकाला धुलाईची मशीनं, मध्ये पिळणारी, आणि या टोकाला इस्त्रीचा रोलर. काही हॉटेलांच्या आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी आमच्याकडे येतात. ओलसर चादर रोलरच्या एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक, कोरडी, हात पोळेल इतकी गरम बाहेर येते. तिथे आम्ही दोघी उभ्या. दोन कोपरे मावशीच्या हातात, दोन माझ्या. झटका द्यायचा, ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची, मग चालत एकमेकींकडे जायचं आणि माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे. की पुढची. दिवसभर हेच. वर्षानुवर्षं असं समोरासमोर उभं राहिलं की समोरच्या माणसाचं सगळं चादरीतून कळतं. मावशी चिडलेली असली की झटका असा बसायचा की माझ्या हातातून कोपरे सुटायची वेळ यायची. खुशीत असली की चादर हवेत फुगवून सावकाश खाली घ्यायची. आज ही मुकादमाशी भांडणार की नाही, हे मी पहिल्या चादरीलाच ओळखायचे.

मावशी माझ्या आईची मोठी बहीण. बुटकी, गोल चेहऱ्याची, आणि आवाज असा की रोलरची घरघर त्यापुढे फिकी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. त्यावर कुणी हळहळलं की म्हणायची, "ससुली आहे ना. दहा पोरांचा ताप एकटी देते."

चहाची घंटा झाली की ती साबणाच्या पोत्यांमागून लाल बाटली काढायची. लोहाचं टॉनिक, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं तसलं. गंजका खिळा साखर लावून चाटावा तशी त्याची चव. ॲप्रनच्या खिशातून स्टीलचा चमचा निघायचा आणि बायकांची रांग लागायची. "आ कर." चमचा ओठांना लागू न देता वरून ओतायचा. "गीळ आता. ते वाकडं तोंड घरी नवऱ्याला दाखव." की पुढची. नवा मुकादम आला तेव्हा 'बायका कामावर बाटली लपवतात' एवढंच त्याच्या कानावर गेलं. तो तणतणत आला, तर मावशीनं त्यालाही आ करायला लावलं. तेव्हापासून तो अधूनमधून रांगेच्या शेवटी उभा असतो, आणि आम्ही ते बघितलंच नाही असं दाखवतो.

थकवा दोन तऱ्हेचा असतो, हे मावशीचं शास्त्र. एक रक्ताचा, एक मनाचा. रक्ताच्या थकव्यात पाय ओढावे लागतात. मनाच्या थकव्यात पाय चालतात, पण जायचं कुठे ते कळत नाही. पहिल्याला लाल बाटली. दुसऱ्याला बाटलीचा उपयोग नाही, त्याला गरम चादर. काडी नावाची आमच्यात एक पोर आहे, नावासारखीच. बाळंतपणानंतर कामावर परतली ती कुणाशी बोलेना, डोळ्याला डोळा भिडवेना. मावशीनं तिला पोत्यांवर बसवलं, रोलरमधून निघालेली चादर डोक्यावरून पायापर्यंत पांघरली आणि मुकादमाला ठणकावलं, "ही चादर अजून वाळलेली नाही. वाळली की पाठवते." आत काडी हमसून हमसून रडली. असं पुष्कळ दिवस चाललं. मावशीनं तिला डॉक्टरकडेही धाडलं आणि औषधही चालू झालं, पण काडी अजून त्या चादरीचंच नाव घेते.

आता त्या काळ्याचं सांगायला हवं. विषय न बोलण्यातला आहे, पण आमच्या शेडमध्ये न बोलण्यातलं असं काही नव्हतंच. लोहाच्या टॉनिकनं शौचाला काळं होतं. औषधवाल्यानं पहिली बाटली देताना मावशीला तसं सांगितलं होतं, घाबरू नका म्हणून. मावशीनं त्यातून आपला नियम बनवला. काळं झालं म्हणजे टॉनिक लागू पडलं. नवीन बाई रांगेत यायला लागली की चार दिवसांनी शेडच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती विचारायची, "काय गं, काळं होतंय ना?" बिचारी बाई लाजेने अर्धी व्हायची, मान डोलवायची, आणि मावशी टाळी वाजवायची. मग आम्ही सगळ्या वाजवायचो. त्या टाळ्यांनीच निम्म्या बायकांच्या अंगात बळ येत असेल.

या सगळ्याच्या मुळाशी माझी आई आहे. ती घरी बसून शिवणकाम करायची. मी शाळकरी होते तेव्हा ती हळूहळू मशीनवरून उठून पलंगावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. "थकलीये, पडू दे," असं घरात येणारं जाणारं प्रत्येक माणूस म्हणायचं. मावशी तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. कळल्यावर ती धावत आली, येताना लाल बाटली घेऊन आली. ती बाटली अर्धी झाली असेल नसेल, एके दुपारी मी शाळेतून आले तर आई उठलीच नाही. तिला काय झालं होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. 'थकून गेली' एवढंच. मावशीनं मला उचलून तिच्या घरी आणलं. "ती बाटली पुरी झाली असती ना, तर उठली असती तुझी आई. मला उशीर झाला," हे ती आजही म्हणते. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत उशीर होऊ द्यायचा नाही, असं तिनं मनाशी घेतलं. मी मात्र एवढंच घेतलं, की दिवसाउजेडी कुणी भिंतीकडे तोंड करून झोपलं की मी त्याचा श्वास मोजायला लागते.

यंदा उन्हाळा सरता सरता चादर सैल यायला लागली.

पहिल्यांदा वाटलं, माझेच हात. मग वाटलं, कापड जुनं झालंय. झटका बसायचा, पण त्यात मावशी नसायची. मी ताणलं की ती थोडी पुढेच ओढली जायची. मी बघायचे, ती नजर चुकवायची आणि काहीतरी टोमणा मारायची, "ससुली, आज चादर फाडायचा विचार आहे का?" मी ओढणं हलकं केलं. ती हलकं घेते म्हणून मी हलकं करायचं, मग ती आणखी हलकं घेणार, असं करत करत आमची चादर मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली. रोलरवर आमची इंजिन असते, म्हणजे एक आडदांड, सतत धापा टाकत बोलणारी बाई. ती ओरडली, "घड्या घालताय की पाळणा हलवताय?" सगळ्या हसल्या. मी सोडून.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, दोन खोल्या. दुसऱ्या मजल्यावर दाराशी टेबल टाकून एक घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात. मावशी रोज संध्याकाळी त्यांच्या दाराच्या चौकटीला हात टेकून विचारायला लागली, "काका, किती वाजले?" काकांना आनंद झाला, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ते हातातलं घड्याळ बाजूला ठेवून गप्पा मारायला लागायचे. मी मागे पिशव्या घेऊन उभी. मावशीच्या मनगटावर स्वतःचं घड्याळ होतं. गप्पा संपेपर्यंत तिचा श्वास जागेवर यायचा, मग ती उरलेला जिना चढायची.

"मावशी, डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टर काय देणार? टॉनिकच ना? ते तर चालूच आहे."

चालू होतंच, आणि वाढतही होतं. आधी एक चमचा, मग सकाळ-संध्याकाळ, मग दोन-दोन. एके सकाळी ती संडासातून बाहेर आली ती हसत. "काळं कुळकुळीत होतंय गं! नुसतं रक्तच बनत असणार आतमध्ये." चेहरा मात्र धुतलेल्या चादरीसारखा पांढरा. मी टाळी वाजवली. सवयीने हात वाजले, आणि वाजता वाजता मध्येच थांबले. का, ते सांगता आलं नसतं.

माझी अक्कल चालली ती भलत्याच वाटेने. मला वाटलं, हा मनाचा थकवा. कारण सुट्टीच्या दिवशी दुपारी मी भाजी घेऊन वर आले तर मावशी पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले, श्वास चाललाय का ते मोजत. चालला होता. मग मला सुचेल ते मी केलं. कपाटातली चादर काढली, इस्त्री फिरवून गरम केली आणि तिला पांघरली. ती म्हणाली, "मला काही झालेलं नाही, ससुली." थोड्या वेळाने म्हणाली, "पण बरं वाटतंय. राहू दे." एरवी तिनं माझी टर उडवली असती, अख्ख्या लाँड्रीत सांगितलं असतं. तिनं टर उडवली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत तिच्या हातून चादर सुटली. मी ताणली आणि माझा तोलच गेला, कारण पलीकडे कुणी धरलेलंच नव्हतं. चादर फरशीवर पडली. मावशी नुसते हात पुढे करून उभी होती, कोपरे अजून बोटांत असल्यासारखी. मग खाली बसली. बायका धावल्या. तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. "चादर उचला आधी, पुन्हा धुवावी लागेल," म्हणाली, आणि मला, "तीन चमचे दे."

मी तीन चमचे दिले.

त्याच्या दुसऱ्या सकाळी ती संडासातून आली आणि भिंत धरत पलंगापर्यंत गेली. मागोमाग मी आत गेले. पाणी नीट पडलं नव्हतं. मी बघितलं, आणि त्याआधी मला वास आला. तसा वास मला आयुष्यात आला नव्हता. डांबरासारखं काळं, चिकट. मीही तेच टॉनिक घेत होते, त्याच बाटलीतलं, त्याच चमच्याने. माझंही काळं व्हायचं. पण असं नाही. हे टॉनिकचं काळं नव्हे, हे मला त्या संडासात उभं असताना कळलं. कुलपाची भीती, शेगडीची भीती, उशिराची भीती, या सगळ्या आजवर खोट्या ठरल्या होत्या. ही खोटी नव्हती.

"मावशी, हॉस्पिटलमध्ये जायचं. आत्ता."

"कामाला उशीर होतोय."

"ते काळं बरोबर नाही. वास येतोय."

"वास सुगंधी असतो का कधी? घाबरट कुठली. चपला दे माझ्या."

आयुष्यात मी तिचं एकही म्हणणं मोडलं नव्हतं. मी तिच्या चपला उचलल्या आणि खिडकीतून खाली फेकून दिल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. बोलायला तोंड उघडलं, उठायला गेली, आणि अर्धवट उठून तशीच खाली आली. डोकं पलंगाच्या कडेला लागणार होतं, ते मी धरलं. हाताला गार घाम लागला. मी हाका मारल्या, ती डोळे उघडायची आणि परत मिटायची.

मी किंचाळले. घाबरट बाईचा एवढा तरी उपयोग, आमच्या जिन्यात माझी किंचाळी सगळ्यांना ओळखीची आहे. एरवी कुणी येत नाही. त्या दिवशी इंजिन आणि काडी आम्हाला कामावर न्यायला खाली उभ्या होत्या आणि चपला त्यांच्यापुढे येऊन पडल्या होत्या. त्या धावत वर आल्या. मागून घड्याळकाका. हॉस्पिटलच्या गाडीला फोन काकांनी केला. पण आमचा जिना असा चिंचोळा आणि वळणाचा, की कपाट आणायचं तर दोरीने वर घ्यावं लागतं. गाडी आली तरी स्ट्रेचर वर येणार नाही, हे इंजिनच्या लक्षात आलं. "चादर काढ," ती म्हणाली.

आम्ही मावशीला चादरीवर घेतलं. एकेक कोपरा एकेकाने धरला, इंजिन, काडी, काका आणि मी. "ताण," इंजिन म्हणाली, "सैल सोडू नको, ताण." आम्ही ताणली. आयुष्यभर चादरी ताणल्या, पण हातातली ही सुटली तर काय, या विचाराने माझी बोटं कोपऱ्यात रुतली होती. प्रत्येक वळणावर काका "सावकाश, सावकाश" म्हणत होते आणि त्यांचेच पाय लटपटत होते. काडी रडत होती, पण तिचा कोपरा तसूभर खाली आला नाही. दुसऱ्या मजल्यावर मावशीनं डोळे उघडले आणि पुटपुटली, "काका, किती वाजले?" काकांनी त्यांचा कोपरा आणखी घट्ट धरला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर विचारत होत्या. "औषधं काय चालू आहेत?"

"टॉनिक."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

त्या आत वळल्या. मी खरंच तसं समजून बोलले होते. गोळ्या या औषधात धरतच नव्हतो आम्ही. सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईला दुखण्याची गोळी म्हणजे पायातली चप्पल. मावशीच्या गुडघ्यांसाठी पांढऱ्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती, त्यात बटणंही असायची. सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर एक, दुपारी एक, जास्त ठणकलं तर आणखी एक. मला एकदम ती डबी डोळ्यांपुढे दिसली. मी धावत आत गेले, कुणीतरी अडवलं, मी त्याला ढकललं आणि ओरडले, "गोळ्या घेते ती! गुडघ्याच्या! रोज!"

डॉक्टरीणबाई थांबल्या. "आणि शौचाला काळं कधीपासून होतंय?"

"ते टॉनिकनं. लागू पडलं म्हणून," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला.

त्या रागावल्या नाहीत. संध्याकाळी, मावशीच्या पोटात दुर्बीण घालून रक्त थांबवून झाल्यावर, त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. गोळ्यांनी पोटात जखम झाली होती. त्यातून रक्त आतल्या आत जात होतं, आणि आत गेलेलं रक्त बाहेर येतं ते काळं होऊन. म्हणून थकवा. "टॉनिकनं काही बिघडवलं नाही," त्या म्हणाल्या, "त्यानं फक्त झाकलं. आणखी एखादा दिवस गेला असता तर कठीण होतं." त्या गेल्यावर मी बाकाची कड धरून बसले.

तिसऱ्या दिवशी मावशी बोलायला लागली. वर रक्ताची पिशवी टांगलेली होती, तिच्याकडे बघून म्हणाली, "हे टॉनिक बरं आहे, चव लागत नाही." मग अंगावरची चादर चाचपली. हॉस्पिटलच्या चादरी आमच्याकडच्याच. "ही घडी कुणाची? कोपऱ्याला कोपरा जुळत नाही. आपण दोघी नसलो की यांचं असंच." माझ्या जिवात जीव आला. दुपारी इंजिन भेटायला आली ती पोटाशी एक गाठोडं धरून. रोलरमधून काढलेली चादर होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. येईपर्यंत जेमतेम कोमट राहिली होती. मावशीनं ती गालाला लावली.

इंजिन गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं मावशीला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, कोण जाणे. ती ऐकत राहिली. मग छताकडे बघत म्हणाली,

"ससुली, तुझ्या आईचं डोकं दुखायचं."

"हो."

"शिवण करून करून. गोळ्या घ्यायची ती. पुडीनं घ्यायची."

माझ्या कानांत रोलरसारखी घरघर सुरू झाली होती.

"मी बाटली नेऊन दिली. चार दिवसांनी विचारलं, काळं होतंय का गं. होतंय म्हणाली." तिनं माझा हात धरला. "मी टाळी वाजवली गं, ससुली. तिच्या पलंगापाशी उभी राहून टाळी वाजवली."

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, भांडी वाजत होती. मावशी माझ्याकडे बघत होती आणि मी खोटं बोलावं असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

"ते टॉनिकचं होतं, की..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

"माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. "आता कधी कळायचं नाही."

तिचे दात वाजायला लागले. मला वाटलं थंडी, मी चादर वर ओढली, पण थंडी नव्हती. मावशीला भीती वाटत होती. उभ्या आयुष्यात मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं आणि घाबरलं की काय करायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं, तेवढी एक गोष्ट मला तिच्यापेक्षा बरी येते. काही समजूत घालायची नाही, उठून जायचं नाही, हात सोडायचा नाही. मी पलंगावर चढून तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, पिशवी संपेपर्यंत.

पुढे ती बरी झाली. मधले आठवडे औषधांत आणि माझ्या पहाऱ्यात गेले. गोळ्यांची डबी मी बटणांसकट फेकली. गुडघ्यांना डॉक्टरीणबाईंनी दुसरं काही दिलं, त्यानं ठणका पुरता जात नाही, ती कुरकुरते आणि घेते. घड्याळकाका आता आम्ही जिना चढायला लागलो की न विचारताच वेळ सांगतात.

लाँड्रीत ती परतली त्या दिवशी मुकादमानं तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. घडी घालायला अजून परवानगी नव्हती, म्हणून माझ्या समोर इंजिन उभी राहिली, आणि तिच्या झटक्यांनी माझे खांदे निखळायची पाळी आली. चहाची घंटा झाली. सवयीप्रमाणे रांग लागली. पोत्यांमागची बाटली मीच आणून मावशीच्या हातात दिली. तिनं चमचा काढला, पुसला. पहिली बाई, दुसरी बाई. वाकड्या तोंडावरून तिनं कुणाला टोमणा मारला नाही.

तिसरी नवीनच लागलेली होती, धुलाईकडची. ती स्वतःहूनच हसत म्हणाली, "मावशी, माझं काळं होतंय हं!"

मागे दोघी-तिघींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मावशीचा चमचा हवेतच राहिला. त्यातलं टॉनिक तिच्या मनगटावरून ओघळून खाली गेलं आणि टाळ्या आपोआप थांबल्या. काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, इंजिननं सांगितलं होतं. पण ते मावशीचं झालं होतं. आपला त्याच्याशी संबंध आहे, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"दुखण्याच्या गोळ्या कोण कोण घेतं?" मावशीनं विचारलं. पूर्वीच्याच आवाजात, शेडच्या त्या टोकापर्यंत जाईल असा.

मग त्या नवीन बाईनं हात वर केला, कोपरातून, शाळेतल्यासारखा. मग तिच्या मागच्या बाईनं. मग काडीनं. मग रोलरच्या पलीकडे इंजिनचा जाडजूड हात वर गेला. मग रांगेत एकामागून एक हात वर जात राहिले, पार दारापर्यंत, आणि दारात उभ्या असलेल्या मुकादमाचाही.

मावशीनं बाटलीला झाकण लावलं. "रोलर बंद करा," ती म्हणाली. रोलर बंद झाला, आणि पहिल्यांदाच मला त्या शेडमधल्या बायकांचे श्वास ऐकू आले.

"एकेकीशी बोलायचंय मला. लाजायचं नाही, आणि खोटं सांगायचं नाही," मावशी म्हणाली. मग तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात थरथरत होता आणि ती तो लपवत नव्हती. "ससुली, तू इथे उभी राहा, माझ्याजवळ."

मी उभी राहिले. सगळ्यात आधी काडी पुढे आली.